सोलर इन्व्हर्टरच्या क्लाउडमधून डेटा आपल्याकडे आणताना: शीट, ॲप आणि बिल तिन्ही का जुळत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर ३० किलोवॅटचं सोलर, १०-१० किलोवॅटचे तीन इन्व्हर्टर, सगळी जोडणी कॉमन मीटरला म्हणजे लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे. इन्व्हर्टर कंपनीचं ॲप आहे, एपीआयची (प्रोग्रॅमने कंपनीच्या सर्व्हरकडून डेटा मागायची सोय) की, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, पण मिळालीय. कमिटीतल्या एकांनी पायथनची स्क्रिप्ट लिहिली, ती रोज रात्री १२ ला चालते, त्या दिवसाचा डेटा ओढते आणि शीटमध्ये टाकते. पण महिन्याच्या शेवटी शीटची बेरीज एक, ॲपमधला आकडा दुसरा आणि महावितरणचं बिल तिसरंच सांगतं. डेटा आणायची ही पाइपलाइन नीट बांधायची कशी, त्यासाठी काफ्का, एअरफ्लो वगैरे मोठ्या डेटासाठीची सॉफ्टवेअर लागतील का, आणि चुकतंय कुठे?

मी इन्व्हर्टर, मीटर, वेदर स्टेशन असल्या इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांचा डेटा गोळा करायचं काम बरीच वर्षं करतोय, तर आधी चुकतंय कुठे ते सांगतो. स्क्रिप्ट बहुतेक ठीकच असेल. रात्री १२ वाजता आजचा डेटा पूर्ण झालेला असतो ही जी समजूत आहे ना, ती चुकीची आहे, आणि पुढचं जवळपास सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

डेटा येतो कसा ते बघा. इन्व्हर्टर स्वतःकडे मोजतो, त्याला लावलेला डोंगल (नेटला जोडणारं छोटं यंत्र) ते वायफायने किंवा सिमकार्डने कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो, आणि तुम्ही एपीआयने वाचता तो सर्व्हर, इन्व्हर्टर नाही. आता राउटर असतो तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये, इन्व्हर्टर गच्चीवर जिन्याच्या खोलीत, मध्ये सात मजल्यांचा स्लॅब, जुलैत वीज कडाडली की एमसीबी पडतो, नाहीतर सिमचा रिचार्ज संपतो आणि तो कोणी करायचा हेच कोणाला माहीत नसतं. या सगळ्या काळात सोलर व्यवस्थित चालू असतं, युनिट बनत असतात, फक्त बातमी खाली पोचत नाही. काही डोंगल मधला डेटा मेमरीत धरून ठेवतात आणि नेट आलं की मागचा पाठवतात, काही नाही ठेवत. म्हणजे काय होतं, की रात्री १२ ला तुम्ही वाचलं तेव्हा दुपारचे तीन तास गायब होते, दुसऱ्या दिवशी सकाळी नेट आलं, सर्व्हरने मागचं भरून घेतलं, ॲपमध्ये कालचा आकडा बरोबर दिसायला लागला, पण तुमची स्क्रिप्ट कालकडे परत बघतच नाही. शीट आणि ॲप जुळत नाही याचं कारण बहुतेक वेळा इतकंच निघतं.

उपाय साधा आहे. रोज फक्त आजचा दिवस मागू नका, मागचे ७ दिवस मागा, आणि महिन्यातून एकदा मागचा पूर्ण महिना परत ओढा. लोक इथे घाबरतात की रिक्वेस्टची (सर्व्हरला एकदा विचारणं म्हणजे एक रिक्वेस्ट) लिमिट संपेल, तर तेही मोजून बघू. उदाहरणाला सोलरएज या इन्व्हर्टर कंपनीची मॉनिटरिंग एपीआय घेतो कारण तिचं डॉक्युमेंटेशन उघड आहे, तुमची कंपनी दुसरी असली तर आकडे बदलतील पण हिशोबाची पद्धत हीच. तिच्या पहिल्या व्हर्जनमध्ये दिवसाला ३०० रिक्वेस्टची मर्यादा आहे आणि एका वेळी ३ पेक्षा जास्त समांतर चालत नाहीत, ओलांडलं की ४२९, म्हणजे ‘फार रिक्वेस्ट झाल्या’ असा एरर कोड मिळतो. पूर्ण साइटची १५ मिनिटांच्या टप्प्यांची एनर्जी एका रिक्वेस्टमध्ये महिनाभराची मिळते, आणि एकेका इन्व्हर्टरचा तांत्रिक डेटा एका वेळी जास्तीत जास्त एक आठवड्याचा. म्हणजे एक दिवस मागितला काय आणि ७ दिवस मागितले काय, खर्च तोच: साइटची १ आणि इन्व्हर्टरच्या ३, रात्रीच्या ४ रिक्वेस्ट. दिवसा बिघाड लवकर कळावा म्हणून १४ तास दर तासाला याच ४ मारल्या तर ५६. एकूण ६०. मागचं पूर्ण वर्ष भरायचं असेल तर एका इन्व्हर्टरचे ५३ आठवडे, तिघांच्या १५९ रिक्वेस्ट, तेही त्याच दिवसाच्या कोट्यात बसतं. दर मिनिटाला विचारायची काही गरज नाही, सर्व्हरवरच डेटा काही मिनिटांच्या अंतराने येतो, तुम्ही कितीही वेळा विचारलं तरी उत्तर तेच येणार.

आता मागचे ७ दिवस रोज आणायचे म्हटलं की तीच रो (टेबलची ओळ) परत परत येणार, म्हणून शीटच्या तळाला नवीन ओळी जोडत जाणं बंद. डेटाबेस घ्या आणि टेबलला युनिक की ठेवा: इन्व्हर्टरचा सिरियल नंबर, मोजमापाची वेळ आणि काय मोजलं ते. त्यावर अपसर्ट करा, म्हणजे रो नसेल तर टाका, असेल तर बदला. एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या छोट्या डेटाबेसला हे २०१८ पासून, ३.२४ व्हर्जनपासून येतं, पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसमध्ये त्याच्याही आधीपासून आहे. स्क्रिप्ट एकदा चालवा किंवा सलग पाच वेळा चालवा, टेबल तसंच राहिलं पाहिजे, ही परीक्षा स्वतः घ्या. ती पास झाली की मध्येच लाइट जाऊन स्क्रिप्ट अर्ध्यात मेली तरी डोक्याला ताप नाही, परत चालवायची.

एक सावधगिरी मात्र घ्या. अपसर्ट करताना रिकामी व्हॅल्यू भरलेल्या व्हॅल्यूवर कधीच लिहू देऊ नका. सर्व्हरची स्वतःची काही गडबड असते तेव्हा काल नीट आलेल्या वेळा आज नल, म्हणजे रिकाम्या, म्हणून येऊ शकतात, आणि आंधळेपणाने बदललं तर चांगला डेटा आपल्याच हाताने पुसला जातो. आणि नल म्हणजे शून्य नाही हे तर भिंतीवर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. रात्री ९ ला ० आलं ते खरंखुरं शून्य, सूर्य नाही. दुपारी १ ला नल आलं म्हणजे कोणालाच माहीत नाही काय झालं. स्क्रिप्टमध्ये नल दिसलं की ० टाकायची सवय खूप जणांना असते, बेरीज करताना एरर येऊ नये म्हणून, आणि मग सरासरी खाली येते, कोणीतरी पॅनल खराब झाले म्हणून इन्स्टॉलरशी भांडायला जातो. नलला नलच राहू द्या.

प्रत्येक रोला दोन वेळा ठेवा असंही सांगेन: एक मोजमाप झाल्याची, दुसरी आपल्याकडे पोचल्याची. दुसरा कॉलम सुरुवातीला फालतू वाटतो. पण ‘मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढला तेव्हा ३,३५० होतं, आज ३,४०० कसं?’ असं मीटिंगमध्ये कोणी विचारलं की त्याच कॉलमवरून दाखवता येतं की या अमुक रो नंतर आल्या.

आणि सगळ्याच्या आधी, सर्व्हरने जो जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) रिस्पॉन्स दिला तो जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवा, तारखेच्या फोल्डरमध्ये, कॉम्प्रेस करून. त्यातून टेबल भरणं ही वेगळी पायरी. सहा महिन्यांनी कळलं की एका फील्डचा अर्थ चुकीचा लावला होता, वॅट-अवर होते आणि आपण किलोवॅट-अवर समजलो, तर मूळ फाइल वापरून टेबल परत बनवता येतं, सर्व्हरकडे हात पसरावे लागत नाहीत. टेबल गेलं तर परत बनवता येतं, मूळ फाइल गेली की गेली, म्हणून बॅकअप पहिला तिचा. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालवत असाल तर त्याच्या मेमरी कार्डवर अजिबात विसंबू नका.

आता वेळेचं. ही माझ्या अनुभवातली सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट आहे, पण ती तपासायची एक सुंदर युक्ती आहे. खूप एपीआय वेळ देतात ती नुसती ‘तारीख तास मिनिट’, कुठला टाइमझोन ते सोबत नसतं, साइट रजिस्टर करताना जो झोन निवडला तो. इन्स्टॉलरने गडबडीत चीनचा तसाच ठेवला असेल तर सगळा डेटा अडीच तास पुढे सरकलेला असतो. कसं ओळखायचं? निरभ्र दिवस घ्या, फेब्रुवारी-मार्चमधला, आणि आलेख काढा. आपली घड्याळाची वेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते, पुणे आहे साधारण ७३.९ अंशावर, एक अंशाला ४ मिनिटं, म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो १२ ला नाही, सरासरी १२:३५ च्या आसपास, वर्षभरात पाव तास इकडे तिकडे. नागपूरला हेच १२:१५ च्या सुमाराला होतं. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून असतील तर निर्मितीचं शिखर साधारण तिथेच दिसायला पाहिजे. ते दुपारी ३ नंतर दिसलं तर चीनचा झोन, सकाळी ७ ला दिसलं तर यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाण वेळ. तुमचे पॅनल पूर्व किंवा पश्चिमेला कललेले असतील तर शिखर थोडं सरकेल, पण अडीच तास नाही सरकत. झोन नक्की झाला की वेळ यूटीसीत करून साठवा, दाखवताना भारतीय वेळेत दाखवा. आणि दिवसाची बेरीज मात्र भारतीय मध्यरात्रीप्रमाणेच करा, यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, उन्हाळ्यात सहालाच सूर्य उगवतो त्यामुळे सोलरमध्ये ही चूक लपून राहते, पण लिफ्ट-पंपाचा वापर मोजायला गेलात की लगेच बाहेर येते.

यानंतरचा मुद्दा पॉवर आणि एनर्जीचा. ॲपमधला ‘आत्ता ६.४ किलोवॅट’ हा त्या क्षणाचा वेग आहे, युनिट नाही. १५ मिनिटांची सरासरी पॉवर असेल तर तिला ०.२५ ने गुणलं की युनिट मिळतात, ते बरोबर. पण क्षणाक्षणाच्या नोंदी घेऊन गुणाकार केला तर ढगाळ दिवशी उत्तर भलतंच येतं, कारण नोंद नेमकी ढग सरकल्यावर झाली की सावलीत झाली यावर सगळं अवलंबून. त्याऐवजी इन्व्हर्टरचा आयुष्यभराचा काउंटर वापरा, एकूण किती युनिट बनवले तो, जवळपास प्रत्येक कंपनीच्या डेटात असतो. दोन नोंदींतला फरक म्हणजे मधले युनिट.

याचा खरा फायदा नेट गेल्यावर कळतो. समजा बी विंगच्या इन्व्हर्टरची शेवटची नोंद ११:१५ ची, काउंटर ४८,२१३.६. मग काहीच नाही. पुढची नोंद थेट १४:४० ची, काउंटर ४८,२३५.९. मधल्या १५ मिनिटांच्या रो कधीच आल्या नाहीत, डोंगलने धरूनच ठेवल्या नव्हत्या. रो बेरजून दिवसाची निर्मिती काढलीत तर २२.३ युनिट हवेत विरले. काउंटरच्या फरकाने काढलीत तर एकही युनिट हरवत नाही, फक्त ते नेमके कोणत्या पाव तासात बनले एवढं कळत नाही. हे २२.३ युनिट मधल्या रिकाम्या रोंमध्ये वाटून टाकायचा मोह होतो, ग्राफ छान दिसतो म्हणून. वाटायचेच असतील तर वेगळ्या कॉलममध्ये, अंदाज आहे अशी खूण करून. मोजलेलं आणि अंदाजाने भरलेलं एकदा मिसळलं की परत वेगळं करता येत नाही.

सोबत हेही बघायचं की काउंटर कमी झाला तर काय. तो कमी व्हायचं कारण नाही, झालाच तर इन्व्हर्टर बदललाय किंवा रीसेट झालाय, तो ऋण फरक बेरजेत जाऊ देऊ नका, बाजूला काढा. वॉरंटीत इन्व्हर्टर बदलला की सिरियल नंबरही बदलतो, म्हणून ‘ए विंग गच्ची, या तारखेपासून या तारखेपर्यंत हा सिरियल’ असं छोटं टेबल पहिल्या दिवसापासून ठेवा, रिपोर्ट जागेवरून काढा, सिरियलवरून नाही. वरची मर्यादाही सोपी आहे, १० किलोवॅटचा इन्व्हर्टर पाव तासात २.५ युनिटपेक्षा फारसं जास्त देऊच शकत नाही, त्याच्या बरंच वर काही आलं तर ती नोंद संशयित.

आता बिल. इथे बहुतेक लोक दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करतात. नेट मीटर एक्सपोर्ट दाखवतो, म्हणजे गच्चीवर बनून, सोसायटीने वापरून, उरलेलं जे बाहेर गेलं ते. इन्व्हर्टर पूर्ण निर्मिती दाखवतो. हे दोन सारखे असूच शकत नाहीत, दुपारी पंप चालू असेल तेवढे युनिट नेट मीटरला कधी दिसतच नाहीत. समजा निर्मिती ३,४००, एक्सपोर्ट २,१००, इम्पोर्ट (महावितरणकडून घेतलेले) १,५००, तर सोसायटीचा खरा वापर ३,४०० वजा २,१०० अधिक १,५०० म्हणजे २,८०० युनिट. हा २,८०० चा आकडा दर महिन्याला साधारण एका पट्ट्यात राहतो का ते बघा, तो अचानक उडाला तर काहीतरी निसटलंय. जनरेशन मीटर (फक्त निर्मिती मोजणारा) वेगळा बसवलेला असेल तर इन्व्हर्टरची तुलना त्याच्याशी करा, त्यातही थोडा फरक राहणारच, कारण इन्व्हर्टरचं आतलं मोजमाप बिलाच्या मीटरइतकं काटेकोर नसतं. आणि बेरीज १ ते ३० तारखेची नको, बिलावरच्या मागच्या रीडिंगच्या तारखेपासून चालू रीडिंगच्या तारखेपर्यंत करा. या एका बदलाने निम्मा फरक गेलेला मी पाहिलाय. रीडिंग दिवसाच्या कुठल्या वेळी घेतलं ते कळत नाही, त्यामुळे एखाद्या दिवसाइतका फरक मान्य करून चाला. ३० किलोवॅटला सरासरी १ किलोवॅटला ४ युनिट धरले तर तो १२० युनिटच्या घरात येतो.

काफ्काची गरज नाही, एअरफ्लोचीही नाही. हिशोब करा: दिवसाचे ९६ पाव तास, तीन इन्व्हर्टर, वर्षाच्या १,०५,१२० रो. पाच-पाच मिनिटांचा डेटा घेतला तरी त्याच्या तिप्पट. एसक्यूलाइटला हे काहीच नाही. क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय), एक पायथन स्क्रिप्ट, एक लॉक फाइल जेणेकरून दोन स्क्रिप्ट एकावेळी चालणार नाहीत, बस. वेळ १२ च्या ऐवजी पहाटे २-३ ची ठेवा. वीस-पंचवीस सोसायट्यांचं काम अंगावर आलं तर पोस्टग्रेसकडे जा. साधी गोष्ट असली की तुमच्यानंतर कमिटीत येणाऱ्या माणसालाही ती दुरुस्त करता येते, आणि सोसायटीच्या कामात हे फार मोलाचं आहे.

एरर हाताळताना फरक करा. ४२९ किंवा ५०० च्या घरातले (सर्व्हरच्या बाजूचे) एरर आले तर थांबून परत प्रयत्न करा, अर्धा मिनिट, एक, दोन, चार, असं वाढवत. ४०१ किंवा ४०३ आला तर परत परत धडका मारू नका, तुमची एपीआय की रद्द झालीय किंवा परवानगी गेलीय, सरळ मेसेज पाठवा. आणि काही क्लाउड असे आहेत की वर २०० (म्हणजे ‘सगळं ठीक’) देतात आणि आत जेसनमध्ये ‘यशस्वी नाही’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे स्टेटस कोडवर समाधान मानू नका, आतलं वाचा. की जर यूआरएलमध्येच जात असेल, सोलरएजच्या पहिल्या व्हर्जनमध्ये तशीच जाते, तर पायथनचा एरर मेसेज पूर्ण यूआरएलसकट लॉगमध्ये छापला जातो आणि तो लॉग कोणाला मदतीसाठी पाठवलात तर सोबत की पण गेली. लॉगमध्ये ती झाकायची सोय आधी करा. ज्या सेवांमध्ये कीऐवजी ठरावीक काळच चालणारं टोकन असतं, वेदर स्टेशन, हेल्थ बँड वगैरे, तिथे बऱ्याच ठिकाणी टोकन नवीन करताना रिफ्रेश टोकनही (ज्याच्यावर पुढचं टोकन मिळतं ते) नवीन मिळतं आणि जुनं निकामी होतं. नवीन हातात आलं की आधी डिस्कवर लिहा, मग पुढची रिक्वेस्ट मारा, नाहीतर मध्येच स्क्रिप्ट पडली तर परत लॉगिनपासून सुरुवात.

अलार्म कशावर लावायचा हे विचारलं नाहीये पण सांगतो. स्क्रिप्ट चालली की नाही यावर लावू नका, शेवटचं मोजमाप किती जुनं आहे यावर लावा, आणि तेही सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्यातच, रात्री बरेच इन्व्हर्टर झोपतात आणि काही पाठवत नाहीत. बिघाड शोधायला आजची तुलना कालशी करू नका, पावसाळ्यात काल आणि आज यांचा काही संबंध नसतो. एकाच गच्चीवरच्या तीन इन्व्हर्टरची एकमेकांशी तुलना करा. आभाळ तिघांवर सारखंच असतं. ए आणि बी जुळताहेत आणि सी दररोज ४ नंतरच मागे पडतोय तर तिथे पाण्याच्या टाकीची सावली येतेय, दिवसभर मागे असेल तर धूळ किंवा एखादी स्ट्रिंग (एकमेकांना जोडलेल्या पॅनलची ओळ) सुटलीय, गच्चीवर जाऊन बघा.

स्क्रिप्टला हात लावायच्या आधी एक काम या आठवड्यातच करा. क्लाउडवरच्या साइटचा मालक म्हणून कोणाचं अकाउंट आहे ते तपासा. खूपदा ते इन्स्टॉलरचं असतं, आणि एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) दुसऱ्याला दिली की तो अकाउंट बंद करतो, सोबत तुमची की आणि मागचा सगळा डेटा पण अडकतो. सोसायटीच्या नावाचा ईमेल आयडी काढा, सेक्रेटरींचा खासगी नको, आणि त्यावर ॲडमिन हक्क लेखी मागून घ्या. त्याच पत्रात इन्व्हर्टरच्या आरएस-४८५ पोर्टचं (वायर जोडायची जागा) मॉडबस रजिस्टरचं कोष्टकही, म्हणजे वायरवरून कोणता आकडा कुठे वाचायचा त्याची यादी, मागा, म्हणजे उद्या क्लाउडने एपीआय बंद केली किंवा पैसे लावले तर गच्चीवरून थेट वायरने तेच काउंटर वाचता येतील. मॉडबस कसं वाचायचं ते हवं असेल तर इन्व्हर्टरचं मॉडेल सांगा, त्यावर वेगळं लिहितो.